बेसीची राहून गेलेली शाळा

आमच्या आजऱ्याची एक मुलगी विमान चालवायला आणि पुढे तेच शिकवायला परदेशी निघाली. जन्म बँकेत गेलेला माणूस म्हणून कर्जाचे आकडे घेऊन माझ्याकडे आली. मला बेसी कोलमन आठवली.

बेसी १८९२ची, टेक्सासमधल्या कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय घरातली. शिकागोत केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीट करी. फ्रान्समधल्या बायका विमाने उडवतात, तुला कुठले जमणार, असे भावाने चिडवले. तिने ते मनावर घेतले. अमेरिकेत तिला कोणी शिकवीना. काळी, त्यात बाई! मग फ्रेंच शिकून १९२०मध्ये तिने बोटीने फ्रान्स गाठले. १५ जून १९२१ला परवाना मिळाला.

परतल्यावर ती हवाई कसरती करी. पैसा जमवायचा तो आपल्या लोकांसाठी विमानशाळा काढायला. ३० एप्रिल १९२६ला जॅक्सनव्हिलला विमान मेकॅनिक चालवत होता. पॅराशूटने उतरायची जागा वाकून पाहता यावी म्हणून बेसीने पट्टा बांधला नव्हता. यंत्रात पाना अडकला, विमान उलटले. वय अवघे ३४.

१९२९मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसला तिच्या नावाने क्लब काढला; तिथे कृष्णवर्णीय मुले-मुली उडायला शिकली.

पोरीला हे सारे सांगितले. पट्ट्याचे तेवढे दोनदा सांगितले.