विश्लेषण: गांधीजींच्या कमरेचे स्विस घड्याळ कोट्यवधींच्या लिलावात कसे पोहोचले?

लग्नात नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. वेळ मोबाइलमध्ये दिसते, तरी मनगटावर घड्याळ हवेच असते. कारण ते वेळेइतकीच ऐपतही सांगते. महागड्या स्विस घड्याळांचा बाजार बऱ्याच अंशी यावरच चालतो. मात्र ऐपतीकडे पाठ फिरवलेल्या महात्मा गांधींचे घड्याळही याच बाजारात लिलावाला आले होते.

सोन्याच्या साखळीची हौस कधी?

पोरबंदरला १८६९ मध्ये जन्मलेले मोहनदास १८८८ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तिथे साहेबी थाट करण्याची हौस त्यांना होती. महागडा सूट शिवला, उंच टोपी घेतली आणि घड्याळासाठी सोन्याची दुहेरी साखळी थोरल्या भावाकडून मागवली. ही हौस पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यात गळून पडली. १९१५ मध्ये ते भारतात परतले आणि काही वर्षांत अंगावर फक्त पंचा उरला. घड्याळ तेवढे राहिले. खिसा नसल्याने ते कमरेला लटकू लागले.

ही झेनिथ कंपनी कोणती?

गांधीजींकडचे घड्याळ स्वित्झर्लंडच्या झेनिथ कंपनीचे होते. चांदीचे आणि गजर असलेले. इंदिरा गांधींनी ते भेट दिल्याचे सांगितले जाते. जॉर्ज फाव्हर-जाको यांनी १८६५ मध्ये ल लोक्ल गावात, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी हा कारखाना काढला. तोपर्यंत घड्याळाचे सुटे भाग घरोघरी बनायचे. त्यांनी वेगवेगळे कारागीर एका छताखाली आणले. याच कंपनीचे १९६९ चे ‘एल प्रिमेरो’ यंत्र ताशी ३६,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग मोजते. क्वार्ट्झच्या लाटेत, १९७५ मध्ये चावीची घड्याळे बंद करण्याचा आदेश आला, तेव्हा शार्ल व्हर्मो या कर्मचाऱ्याने यंत्राचे आराखडे आणि अवजारे माळ्यावर लपवून ठेवली. त्यामुळे पुढे उत्पादन पुन्हा सुरू करता आले. आज एल प्रिमेरोची जुनी मनगटी घड्याळे संग्राहक शोधत फिरतात.

घड्याळ एवढे महत्त्वाचे का होते?

१९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये राहू लागले. पहाटेची प्रार्थना, चरखा, पत्रे, भेटी, सायंप्रार्थना असा तिथला दिवस घड्याळावर बांधलेला होता. वेळ ही आपली खासगी मालमत्ता नाही, ती लोकांची ठेव आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे १९४७ मध्ये कानपूर स्थानकात घड्याळ चोरीला गेले, तेव्हा त्यांना ते फार लागले. सुमारे सहा महिन्यांनी चोराने ते परत आणून दिले आणि माफी मागितली.

शेवटच्या दिवशी काय घडले?

३० जानेवारी १९४८. दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये सरदार पटेलांशी बोलणे लांबले. पाचची प्रार्थना चुकू नये म्हणून आभा यांनी त्यांना घड्याळ दाखवले. गांधीजी सुमारे दहा मिनिटे उशिरा निघाले. वेळ सांभाळण्याचे काम तुमचेच, असे ते वाटेत मुलींना थट्टेने सुनावत होते. ५ वाजून १७ मिनिटांनी गोळ्या झाडल्या गेल्या. बीडसह मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीत होता. १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती त्यांना पाहता आली नाही.

किंमत नेमकी कशाची?

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट यांचा एकत्र लिलाव झाला. विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ९ कोटी रुपये मोजले. २०२० मध्ये गांधीजींनी एका सुताराला दिलेले दुसरे, मोडके स्विस घड्याळ ब्रिटनमध्ये १२ हजार पौंडांना गेले.

बंद पडलेल्या घड्याळाला एवढी किंमत येते, ती यंत्राची नसते. ते कोणाच्या हातात होते आणि त्या माणसाने आपला वेळ कशासाठी वापरला, यावर ती ठरते. मनगटावर काय बांधावे, हे खिसा ठरवतो. बांधलेल्या घड्याळातला वेळ कुठे जातो, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.