कै. कर्नल हेमू अधिकारी

आमच्या जऊळक्यास क्रिकेट मांडले की फलंदाजी ज्याला त्याला हवी. चेंडूमागे धावणे मात्र कोणासच नको! म्हणून क्षेत्ररक्षणाबद्दल नावाजलेल्या या खेळाडूचे वृत्त आम्ही बालवाचकांस सादर करीत आहो.

१९१९ साली पुण्यास जन्मलेले अधिकारी पेशाने सैनिक. १९५२ साली दिल्लीस पाकिस्तानविरुद्ध त्यांनी गुलाम अहमदांसह अखेरच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली व स्वतः ८१ धावांवर नाबाद राहिले. १९५९ साली कर्णधारपद लाभले, तेही एकाच सामन्यापुरते.

पुढे १९७१ साली ते वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडास गेले. क्षेत्ररक्षणाच्या सरावात त्यांची शिस्त लष्करी असे. ओव्हलवर सोलकरांनी बॅटीलगत झेप घेऊन नॉटचा झेल टिपला, इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला आणि त्या देशात भारताने प्रथमच मालिका जिंकली.

२००३ साली ते मुंबईस निवर्तले.