दोन अक्षरांचे नाते

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मला उभे राहून वाचायला सांगितले. 'नेम' हा साधा शब्द मी स्पेलिंगप्रमाणे 'नामे' असा वाचला आणि सारा वर्ग हसला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्या दिवशी वाटले, ही भाषा आपली नव्हेच. उगाच इथे आलो. त्याच आठवड्यात ग्रंथालयात सर विल्यम जोन्स यांची ओळख झाली, म्हणून हा लेख.

जोन्स यांचा जन्म १७४६ मध्ये लंडनला झाला. वडील वेल्समधले गणिती. वर्तुळाच्या गणितातले 'पाय' हे चिन्ह आजच्या अर्थाने त्यांनीच १७०६ मध्ये प्रथम वापरले. मुलगा तीन वर्षांचा असताना ते वारले. पुढे आईने वाढवले. मुलाने काही विचारले की ती त्याला पुस्तकाकडे बोट दाखवी. माझ्या आईला अक्षरओळख नाही, पण संध्याकाळी दिवा लागला की तीही मला तेच सांगते.

हॅरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकताना जोन्स यांनी ग्रीक, लॅटिन, अरबी, फारसी अशा भाषा आत्मसात केल्या. १७७१ मध्ये त्यांचे फारसी व्याकरण प्रसिद्ध झाले. पण भाषांवर पोट भरेना, म्हणून ते वकील झाले. १७८३ मध्ये न्यायाधीश म्हणून ते कलकत्त्यास आले आणि १७८४ च्या जानेवारीत त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली.

संस्कृतकडे ते वळले ते केवळ विद्येच्या ओढीने नव्हे. हिंदू कायद्याचे निवाडे देताना पंडितांच्या शब्दावर विसंबून राहणे त्यांना नको होते. कंपनीच्या राज्याची ती गरज होती, हे विसरून त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. पण गंमत अशी, की या बड्या न्यायाधीशालाही शिकवायला ब्राह्मण पंडित तयार होईनात. अखेर रामलोचन नावाच्या वैद्य जातीच्या पंडितांनी त्यांना शिकवले. ज्ञानाचे दार बंद असणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी सोसायटीपुढे केलेल्या भाषणात जोन्स यांनी मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाचे नाही. त्या एकाच मूळ भाषेच्या लेकी असाव्यात, आणि ती आई कदाचित आज उरलेली नाही. असे साम्य त्यांच्याआधीही काहींनी पाहिले होते. पण या भाषणाने अभ्यासकांचे लक्ष वेधले.

नुसते शब्द सारखे दिसले की नाते जुळत नाही. धातू आणि व्याकरणाची रूपे पाहिली पाहिजेत, यावर जोन्स यांचा भर होता. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचा नियम मांडला. 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो : पिता–फादर, पाद–फूट. 'द'च्या जागी 'ट' येतो : दोन–टू, दात–टूथ. आपल्या रोजच्या बोलण्यातले हे इवलेसे शब्द केवढा प्रवास करून आले आहेत!

आता आपला 'बदनाम' हा शब्द घ्या. तो फारसीतून आला. त्यातला 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' हे खरे भाऊ. पण त्यातला 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचे रूप व अर्थ जवळजवळ एक असूनही त्यांचे काही नाते नाही, असे अभ्यासक मानतात. अशा चुकांतून जोन्सही सुटले नाहीत. चिनी आणि जपानी लोकांचा संबंध त्यांनी याच कुळाशी जोडला होता, तो पुढे टिकला नाही.

१७८९ मध्ये त्यांनी शाकुंतलाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. प्रकृती बिघडल्याने पत्नी १७९३ मध्ये इंग्लंडला परतली. हाती घेतलेले कायद्याचे काम पुरे करण्यासाठी ते मागे राहिले आणि २७ एप्रिल १७९४ रोजी कलकत्त्यातच वारले. वय अवघे सत्तेचाळीस. त्यांची समाधी तिथल्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे.

एक गोष्ट मला नंतर कळली. सुमारे सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज माणूसही 'नेम' हा शब्द 'नाम' असाच काहीसा उच्चारत असे. म्हणजे माझी चूक सहाशे वर्षे उशिरा झाली, इतकेच! आता इंग्रजीच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसतो. अजून चुकतो, अजून हसतात. पण दूरच्या का होईना, नात्यातल्याच घरी आलो आहे, असे वाटते.