लंडनच्या कारकुनाची वही

शाळेत शेवटच्या तासाला आपल्याला आळीपाळीने उभं राहून थोरांची चरित्रं सांगावी लागायची, आठवतंय? पाच मिनिटांत जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू आणि शेवटी बोध. त्या चरित्रांतली सगळी माणसं रात्री दिव्याखाली अभ्यास करणारी, साधं राहणारी होती. नाटक, हॉटेल, कपडालत्ता यांच्या वाटेला त्यांतलं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. माझी पाळी आली त्या आठवड्यात मला गोवर निघाला आणि चरित्र राहूनच गेलं. स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा म्हटलं ती बाकी आता चुकती करावी. माणूस मात्र जरा वेगळा निवडला आहे. सर आणि बाई सांभाळून घेतील.

त्याचं नाव सॅम्युअल पीप्स. कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने लंडनला होते. ऑफिस टॉवर ऑफ लंडनपासून चालत दहा मिनिटांवर. दुपारचा डबा खायला सीदिंग लेन नावाच्या गल्लीतल्या छोट्या बागेत जायचे. तिथे केसांचा भलामोठा टोप घातलेल्या एका गृहस्थाचा अर्धपुतळा आहे. रोज त्याच्या समोर बसून पोळीभाजी खाल्ल्यावर हा कोण, हे बघणं भाग पडलं. मग त्याची रोजनिशी वाचायला घेतली आणि पुढचे सहा महिने त्यातच गेले.

पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमध्येच, फ्लीट स्ट्रीटजवळ झाला. वडील शिंपी. आई लग्नाआधी लोकांकडे धुणी धुवायची. पोरगा हुशार म्हणून सेंट पॉल्स शाळेत गेला आणि शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला. (पुढे पैसा आल्यावर त्याने शाळेच्या ग्रंथालयाला ग्रीक भाषेचा मोठा शब्दकोश भेट दिला. माजी विद्यार्थ्यांनी नोंद घ्यावी.) १६५५ मध्ये, खिशात काही नसताना, त्याने एलिझाबेथ या फ्रेंच वडिलांच्या मुलीशी लग्न केलं. तो बावीस वर्षांचा, ती चौदा. तीन वर्षांनी मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली. भूल द्यायची सोय नसण्याचा तो काळ, तरी तो वाचला. पुढे दर वर्षी २६ मार्चला, म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवशी, मित्रांना जेवायला बोलवायचं त्याने ठरवलं. जगलो याचा वाढदिवस.

१ जानेवारी १६६० ला त्याने रोजनिशी सुरू केली. ती त्याने लघुलिपीत लिहिली, म्हणजे सहज कुणाला वाचता येणार नाही अशी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये राजा परत आला, पीप्सला आरमाराच्या कचेरीत मुख्य कारकुनाची जागा मिळाली, वर्षाला ३५० पौंड पगार आणि कचेरीला लागून घर. आणि १६४२ पासून बंद असलेली नाटकाची थिएटरं उघडली. सत्तावीस वर्षांच्या, नव्याने कमावत्या झालेल्या माणसाच्या हाती एक अख्खं शहर आलं.

त्याने ते कसं उपभोगलं! नोकरी लागण्याआधीच जानेवारीत त्याने १८ पेन्स भरून एका क्लबात नाव घातलं. एका कॉफीघरात लोक जमायचे आणि राज्यकारभार कसा असावा यावर रात्रीपर्यंत वाद घालायचे, तो हा क्लब. लंडनमधलं पहिलं कॉफीघर उघडून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने आयुष्यातला पहिला चहा घेतला आणि तारखेनिशी लिहून ठेवला. त्या वेळी इंग्लंडात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. ऑगस्ट १६६० मध्ये त्याने किनॅस्टन नावाच्या नटाला स्त्रीवेषात पाहिलं आणि इतकी सुंदर बाई आपण पाहिली नाही अशी नोंद केली, फक्त आवाज तेवढा पटला नाही म्हणून. बालगंधर्वांच्या आठवणी सांगणारे आजोबा ज्यांच्या घरी होते, त्यांना हे ओळखीचं वाटेल. पुढच्या जानेवारीत त्याने रंगमंचावर पहिल्यांदा खरी स्त्री पाहिली. शेक्सपिअरचंही त्याला दडपण नव्हतं. ‘मॅकबेथ’ त्याला आवडायचं, पण ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ पाहून तो चिडून घरी आला.

खरेदीचा नादही तसाच. हातमोजे आणि फिती न्यू एक्स्चेंजमधून, पुस्तकं सेंट पॉल्सच्या आवारातल्या दुकानांतून. एक गाजलेलं विनोदी काव्य त्याने अडीच शिलिंगांना घेतलं, आवडलं नाही म्हणून त्याच दिवशी दीड शिलिंगाला विकलं, आणि सगळे वाखाणतात म्हटल्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा विकत आणलं. सेलमध्ये कुर्ता घेऊन परत करणाऱ्या आणि पुन्हा तोच घेणाऱ्या माझ्या मैत्रिणी इथे आहेत. नावं घेत नाही.

पण पीप्स शिंप्याचा मुलगा होता. पैसे उडाले की त्याला झोप यायची नाही. १६६१ च्या शेवटच्या दिवशी त्याने शपथ घेतली: नाटक आणि दारू बंद. पुढे या शपथा तो लिहून काढायचा, रविवारी वाचायचा, मोडली तर गरिबांच्या पेटीत दंड टाकायचा. आणि मग पळवाटा काढायचा. लंडनच्या महापौरांच्या मेजवानीत मसाला घातलेली वाइन समोर आली, तेव्हा हे मिश्रण आहे, वाइन नव्हे, असा त्याने निवाडा दिला आणि प्याला. ऑगस्ट १६६४ मध्ये तर कमाल केली. मित्राने आपल्याला नाटक दाखवलं तर शपथ मोडत नाही, म्हणून त्याने मित्राला स्वतःच पैसे उसने दिले आणि त्या पैशांनी मित्राकडून नाटक पाहिलं. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे अशा पळवाटा बुजवण्याचा पगार घेतो. हा गृहस्थ स्वतःच्याच नियमातली पळवाट शोधायचा आणि रात्री ती प्रामाणिकपणे लिहूनही ठेवायचा.

कामात मात्र पळवाट नव्हती. लाकूड, दोर, डांबर यांचे भाव तो गोदीत स्वतः जाऊन शिकला. आपल्या मुंबईचा विषयही त्याच्या वहीत आला आहे. १६६१ च्या करारात पोर्तुगालने राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला देऊ केली होती. १६६३ मध्ये तिथला पोर्तुगीज गव्हर्नर बेट ताब्यात द्यायला तयार नाही, ही बातमी पीप्सने वैतागून लिहिली आहे. १६६५ च्या प्लेगमध्ये तो कामावर राहिला. १६६६ च्या आगीत त्याने राजाला आधी खबर दिली आणि मग आपलं इटालियन चीज बागेत खड्डा खणून पुरलं.

इथवर वाचताना मला तो फार आवडत होता. मग मी एलिझाबेथकडे बघायला लागले.

ऑक्टोबर १६६३ च्या शेवटी पीप्सने हिशेब केला. महिन्यात शिल्लक ४३ पौंडांनी घटली होती, मुख्यतः कपड्यांमुळे. बायकोच्या कपड्यांवर सुमारे १२ पौंड, स्वतःच्या कपड्यांवर सुमारे ५५. त्याने आकडे लपवले नाहीत, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. तो कचेरीतून क्लबात, क्लबातून नाटकाला जायचा. ती पुष्कळदा घरी असायची. त्याच वर्षी ती नाच शिकायला लागली, तर शिकवणाऱ्या मास्तरवरून तो मत्सराने झुरला. १६६८ मध्ये तिच्या सोबतीला ठेवलेल्या तरुण मुलीशी त्याने नको ते केलं आणि एलिझाबेथने ते डोळ्यांनी पाहिलं. घर त्या मुलीला सोडावं लागलं.

मला सगळ्यात जास्त लागली ती ९ जानेवारी १६६३ ची नोंद. आपलं आयुष्य किती एकटं आणि नीरस आहे, हे एलिझाबेथने एका कागदावर लिहिलं होतं. तो तिने त्याला वाचून दाखवला. त्यातलं बरंचसं खरं आहे, हे त्याला कळलं. म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या हाती लागेल या भीतीने त्याने तो फाडला. तिची इतर कागदपत्रंही, त्याची जुनी प्रेमपत्रं धरून, ती रडत असताना तिच्यासमोर फाडली. पीप्सच्या रोजनिशीत साडेबारा लाखांच्या आसपास शब्द आहेत. तिचा तो एक कागद नाही.

चांगले दिवसही होते, हे लिहायला हवं. मे १६६७ मध्ये तिच्या केसांच्या गंगावनावरून जोरात भांडण झालं. दुसऱ्या दिवशी त्याने तिला कॉव्हेंट गार्डनमधल्या एका फ्रेंच खाणावळीत नेलं. मालक टोप बनवणारा, गल्ली घाणेरडी, पण कबूतर आणि गोमांसाचं जेवण झकास. दोघांचं मिळून सहा शिलिंग बिल, आणि पीप्स खूश. १ मे १६६९ ला स्वतःच्या नव्या बग्गीतून दोघं हाइड पार्कला फिरून आली. ती फुलाफुलांच्या झग्यात होती.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्याने रोजनिशी बंद केली. मेणबत्तीच्या उजेडात लिहून डोळे जाणार अशी त्याला भीती वाटत होती. डोळे गेले नाहीत. गेली एलिझाबेथ. त्या वर्षी तो तिला हॉलंड आणि फ्रान्सच्या सहलीला घेऊन गेला. परतताना ती तापाने आजारी पडली आणि १० नोव्हेंबर १६६९ ला वारली. वय एकोणतीस.

पीप्स त्यानंतर ३३ वर्षं जगला. आरमाराचा सचिव झाला, लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा सुरू केली, तुरुंगातही जाऊन आला. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष असताना न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ला छपाईची परवानगी त्याने दिली, म्हणून त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचं नाव आहे. पुन्हा लग्न केलं नाही. २६ मे १७०३ ला तो वारला, आणि सीदिंग लेनजवळच्या सेंट ओलेव्ह चर्चमध्ये एलिझाबेथशेजारी त्याला पुरलं. त्याची तीन हजार पुस्तकं केंब्रिजच्या त्याच्या कॉलेजात आहेत. रोजनिशी तिथेच पडून होती, ती पहिल्यांदा १८२५ मध्ये छापली गेली.

त्या चर्चमध्ये एलिझाबेथचा अर्धपुतळा त्यानेच बसवला आहे. आरमाराचे अधिकारी बसत त्या बाजूला तिचं तोंड आहे, आणि बोलता बोलता थांबावं तसा चेहरा आहे. तो पाहून मी बाहेर आले आणि आईला फोन केला.

माझे बाबा तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक होते. तेही कारकूनच, आणि नाटकवेडे. वर्षातून चार-पाच वेळा एसटीने पुण्याला जाऊन नाटक बघायचे. परत आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळं नाटक करून दाखवायचे. आई भाकरी थापत ऐकायची. बाबा गेल्यावर त्यांच्या हिशेबाच्या वह्या मी आवरल्या. नाटक, तिकीट १, एसटी, चहा. सगळ्या वह्यांत तिकीट १. बाबा वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यात कधी आलं नाही, एवढंच. आणि मी तरी वेगळं काय केलं? शिकून नोकरीला लागल्यावर पुण्यात आणि लंडनमध्ये मित्रमंडळींबरोबर नाटकं पाहिली आणि रविवारी फोनवर आईला गोष्ट सांगितली. तिला विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तिने थिएटरात बसून एकही नाटक पाहिलेलं नाही, पण बाबांची सगळी तिला पाठ आहेत.

चरित्राच्या शेवटी बोध सांगायचा असतो. पीप्सकडून मी हिशेब ठेवायला शिकले, आणि हिशेबात दुसरं नाव कुठे गळलं ते बघायलाही. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्वांसाठी नाटक ठेवलं आहे. समितीकडे मी दोन तिकिटं सांगितली आहेत. आईला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तेव्हा खालची, कडेची खुर्ची ठेवा. आणि मध्यंतरात तिला भेटा. नाटक कसं वाटलं ते या वेळी ती सांगेल.