पंडिता रमाबाई : एका यात्रेची कथा

मनुष्याच्या आयुष्यास यात्रेची उपमा देण्याची चाल फार जुनी आहे. पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यास ती नवी नाहीं, आणि पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास तर अब्राहाम आपला देश सोडून निघाला तेथपासून ती परिचित आहे. परंतु जी उपमा वारंवार कानीं पडते तिचा अर्थ मनांत उतरतोच असें नाहीं. गेल्या सत्रांत निबंधाच्या तासास आम्हीं वरच्या वर्गाला हाच विषय दिला होता. एका ख्रिस्ती विद्यार्थ्यानें निबंधाच्या शेवटीं मोठ्या प्रामाणिकपणें लिहिलें कीं, आपला जन्म ख्रिस्ती घरांत झाला, बाप्तिस्मा तान्हेपणींच मिळाला, प्रार्थना आईच्या मांडीवर पाठ झाली. तेव्हां जो आधींच मुक्कामास पोंचला आहे त्यानें यात्रा ती कसली करावयाची? त्या वहीवर लाल शाईनें काय शेरा मारावा हें आम्हांस सुचेना. पुष्कळ विचार करतां एका थोर स्त्रीचें चरित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. तेंच येथें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या अरण्यांत गंगामूळ येथें झाला. हें स्थळ आजच्या कर्नाटकांत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व निष्ठावंत ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणें हें त्या काळीं पाप मानीत. शास्त्रीबोवांनीं मात्र आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें आणि उडुपी येथें विद्वानांच्या सभेपुढें शास्त्राचा त्यास विरोध नाहीं असें प्रतिपादन केलें. अरण्यांतील त्यांचें घर विद्यार्थ्यांस व यात्रेकरूंस सदा उघडें असे. त्या आदरातिथ्यांत सर्व द्रव्य संपलें आणि कुटुंबास घर सोडणें भाग पडलें. रमाबाई तेव्हां अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटींत ठेवून, गड्याच्या डोक्यावरून त्यांस डोंगराखालीं आणिलें. अशा रीतीनें पाय फुटण्यापूर्वींच त्यांची यात्रा सुरू झाली.

पुढील अनेक वर्षें हें कुटुंब तीर्थामागून तीर्थें करीत फिरत राहिलें. देवळांत पुराण सांगावें, श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. पहांटे उठवून आई मुलीस संथा देई. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंस लहानपणींच मुखोद्गत झाले. येथें आमच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्या घरचा धर्म जितका त्यांस पाठ होता तितका आज आपणांपैकीं कोणासही आपला पाठ नसेल.

मग १८७४ सालीं उपासमारीची वेळ आली. जवळ होतें नव्हतें तें दानधर्मांत व व्रतांत संपलें होतें. भीक मागणें कुलास शोभेना, आणि शरीरकष्टांची संवय कोणासच नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढतां काढतां वृद्ध पित्यानें देह ठेविला. थोड्याच आठवड्यांनीं आईही गेली. तिला स्मशानांत नेण्यास पुरेसे खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या खुद्द रमाबाई! त्यांची उंची कमी असल्यामुळें त्यांनीं आपला भार डोक्यावर घेतला. सोळा वर्षांच्या मुलीनें आपल्या आईस अशा रीतीनें अखेरच्या मुक्कामास पोंचविलें. पुढें थोरली बहीणही पटकीनें वारली.

उरलीं भावंडें दोन. तीं चालतच राहिलीं. दक्षिणेपासून काश्मीरापर्यंत व तेथून पूर्वेस बंगालपर्यंत त्यांनीं चार हजार मैलांहून अधिक वाट पायीं तुडविली. झेलम नदीच्या काठीं कडाक्याच्या थंडींत पांघरावयास कांहीं नव्हतें, तेव्हां वाळूंत खड्डे खणून, डोकें तेवढें बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून त्यांनीं रात्री काढल्या. या वाटेवरच त्यांच्या जुन्या श्रद्धेचा आधार एकेक करून सुटत गेला. सांगितलेले नेम त्यांनीं पाळले होते, सांगितलीं तीर्थें केलीं होतीं, आणि तरीही मन रितेंच राहिलें होतें. मात्र जें मनांतून गेलें तें अद्याप आहे असें दाखविण्याचें ढोंग त्यांनीं केलें नाहीं, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं घाईनें आणूनही बसविलें नाहीं.

१८७८ सालीं तीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच नगरांत त्यांनीं ख्रिस्ती लोकांचें उपासनामंडळ प्रथम पाहिलें. मंडळी खुर्च्यांपुढें गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली पाहून या लोकांचें दैवत खुर्ची असावें असें त्यांस वाटलें! त्यांस संस्कृत भाषेंतील बायबल देण्यांत आलें, पण तें उमगलें नाहीं. पुढें स्त्रियांपुढें व्याख्यानें देण्यासाठीं त्यांनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले, तेव्हां स्त्री व शूद्र यांस त्यांत मिळालेलें स्थान पाहून त्यांचें मन फार व्यथित झालें.

१८८० सालीं डाक्का येथें श्रीनिवास वारला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. आसामांतील सिल्चर येथें त्यांचा संसार सुरू झाला. तेथेंच लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं लागली आणि ती त्यांनीं आवडीनें वाचिली. १८८१ सालीं मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारींत पतीसही पटकीनें ओढून नेलें. तेवीस वर्षांचें वय, कडेवर तान्ही मुलगी, आणि पुढें पुन्हां वाट!

ती वाट त्यांस पुण्यास घेऊन आली. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढें स्त्रीवैद्यांची गरज निर्भयपणें मांडिली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें. त्याच्या विक्रीचा पैसा प्रवासखर्चास उपयोगी पडला व १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यक शिकावें हा मानस होता, परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो सिद्धीस गेला नाहीं. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयास त्या राहिल्या. त्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथें समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांसाठीं एक गृह चालवीत. पतित म्हटलेल्या स्त्रियांस तेथें मिळणारी माया पाहून रमाबाई विस्मित झाल्या. हें प्रेम कोठून येतें असें त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांस योहानकृत शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यांत आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला.

सामान्य चरित्रकार येथें कथा संपवितो. परंतु रमाबाईंची यात्रा येथें संपली नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथून पुढेंच आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणून गुरुजनांच्या प्रत्येक मतास त्यांनीं मान तुकविली नाहीं. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीं त्यांनीं निर्भीड प्रश्न विचारले; शाकाहार सोडला नाहीं; क्रूसावर लॅटिन अक्षरें कां असावींत, संस्कृत कां नसावींत, असेंही विचारलें. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांस हा गर्व वाटला. दोघींचीं पत्रें वाचतां कठोर शब्द दोन्हींकडून आलेले दिसतात. तरी तो स्नेह तुटला नाहीं. पुढें रमाबाईंनीं आपल्या आत्मकथनांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, ख्रिस्ती धर्म आपणांस प्रथम मिळाला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळण्यास त्यानंतर सुमारें आठ वर्षें लागलीं. एवढी विदुषी, आणि ही कबुली!

मधल्या काळांत, १८८६ सालीं, आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठीं त्या अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें गेल्या. उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ सालीं प्रसिद्ध झालें व त्यामुळें तेथील सहृदय लोक साह्यास पुढें आले. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. सदनांत धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ति नसावी असें ठरलें होतें. परंतु रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ सालीं यावरून मोठें वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें व पुष्कळ मुली घरीं नेण्यांत आल्या. दिलेल्या शब्दास बाध आला असें त्या सज्जनांस मनापासून वाटलें. आपल्या घरांतील प्रार्थनेचें दार लावून घेणें हें रमाबाईंस शक्य झालें नाहीं. त्यांनीं लोकप्रियता गमाविली, परंतु दार लाविलें नाहीं.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकतांच रमाबाईंस आपले उपासाचे दिवस आठवले, आणि त्या स्वतः तेथें गेल्या. हाडांचे सांपळे झालेल्या सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणविल्या. पुण्यापासून पस्तीसएक मैलांवर केडगांव येथें घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय लाविली. हेंच तें मुक्तिसदन. १९०० च्या सुमारास गुजराथच्या दुष्काळांतील मुली आल्यावर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली. शेती, दुभतीं जनावरें, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सर्व कामें स्त्रियाच करूं लागल्या. अंध स्त्रियांस बोटांनीं वाचावयास शिकविण्यांत आलें. जी मुलगी वाटेवर उपाशी राहिली होती, तिनें वाटेवरच्या उपाशांसाठीं घर बांधिलें!

उतारवयांत त्यांनीं आणखी एक डोंगर चढावयास घेतला. खेड्यांतील साध्या बाईस कळेल अशा मराठींत सबंध बायबल आणावें म्हणून त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करूं लागल्या. मुक्तीच्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्याही स्त्रियाच होत्या. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. १९२१ च्या जुलैंत, सर्व कामाचा भार जिच्यावर सोंपवावयाचा ती मनोरमा त्यांच्या आधींच गेली. माता, पिता, बहीण, भाऊ, पति आणि आतां कन्या! तरी लेखणी खालीं ठेविली नाहीं. भाषांतराचें काम हातावेगळें करून ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. मुक्तिसदनाचें काम केडगांवास आजही चालू आहे.

आतां त्या वहीकडे वळूं. आमच्या विद्यार्थ्यानें आपण मुक्कामास पोंचलों असें मानलें, कारण त्याचा जन्म श्रद्धावंत घरांत झाला. रमाबाईंचाही जन्म श्रद्धावंत घरांतच झाला होता. वडिलांची श्रद्धा ही शिदोरी आहे. ती घेऊन आपल्याच पायांनीं निघावें लागतें. नांव बदलल्यानें यात्रा संपत नाहीं, आणि नांव जन्मतः मिळाल्यानेंही संपत नाहीं. जें समजलें नाहीं तें समजलें असें न म्हणणें, जें समजलें त्याप्रमाणें वागावयास न भिणें, आणि आपणांस जेथें ठेंच लागली तेथें मागून येणाऱ्यासाठीं दिवा लावणें, एवढें ज्यास साधलें तोच यात्रेकरू. आमच्या हिंदु, मुसलमान व इतर विद्यार्थ्यांसही हें तितकेंच लागू आहे.

पालकांस एकच विनंति. मुलानें धर्माविषयीं प्रश्न विचारला तर तो बिघडला असें समजूं नये. आम्हां शिक्षकांचाही येथें दोष आहे. तयार उत्तरें पाठ करवून घेणें आम्हांस सोपें जातें.

त्या वहीवर आम्हीं अखेर गुण तेवढे लिहिले व शेऱ्याची जागा रिकामी ठेविली. ती त्या विद्यार्थ्यानें स्वतः भरावयाची आहे. आणि घाई नाहीं, कारण रमाबाईंसही आठ वर्षें लागलीं होतीं.