कपडे धुणारा विद्यार्थी

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेत गुलामीत झाला. पुढे कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयाने त्यांना पत्राने प्रवेश दिला. परंतु ते दारी येताच, कातडीचा रंग पाहून त्यांना परत पाठविले. अखेर १८९० साली आयोवा राज्यातील इंडियानोला गावच्या सिम्पसन महाविद्यालयाने त्यांना आत घेतले. मेथॉडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी चालविलेली ही संस्था लहानशीच होती.

शुल्क भरल्यावर खिशात उरले दहा सेंट! मक्याचे पीठ आणि चरबी यांवर त्यांनी आठवडा काढला. मग एका खोपटात राहून ते सहाध्यायांचे कपडे धुऊ लागले. कपडे घेऊन आलेली मुले तेथेच खोक्यांवर बसून गप्पांत रंगून जात. एके दिवशी कार्व्हर बाहेरून येऊन पाहतात, तो खोपटात नवे सामान मांडलेले! मुलांनीच ते गुपचूप आणून ठेविले होते.

चित्रकला हा कार्व्हरांचा जीव की प्राण. परंतु कृष्णवर्णीय चित्रकाराचे पोट कसे भरणार, ही चिंता त्यांच्या शिक्षिका एटा बड यांना लागली. कार्व्हरांचा झाडांचा लळा त्यांनी हेरला होता. त्यांचे वडील एम्स येथील कृषिमहाविद्यालयात प्राध्यापक होते. तेथे जाण्यास त्यांनी सुचविले. कुंचला दूर सारणे कार्व्हरांना फार जड गेले. तरी १८९१ साली ते निघाले.

भुईमुगावरील संशोधनाने नावारूपास आलेल्या या विद्यार्थ्यास सिम्पसनने १९२८ साली सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली.