राजकन्या मागोगो

धनुष्य म्हटले की आपल्याला बाण आठवतो. परंतु दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांचे ‘उगुभु’ हे धनुष्य गाण्याच्या साथीसाठी असते. त्याला एकच तार आणि खालच्या टोकाजवळ पोकळ भोपळा. गवताच्या काडीने तार छेडायची आणि भोपळ्याचे तोंड छातीजवळ नेऊन, दूर करून नाद घुमवायचा.

या वाद्याची थोर वादक म्हणजे राजकन्या कॉन्स्टन्स मागोगो. झुलू राजा दिनुझुलू यांची ही कन्या १९०० साली जन्मली. राजवाड्यातील आज्यांकडून ती जुनी गाणी शिकली. १९२६ साली बुथेलेझी घराण्यात तिचा विवाह झाला. लग्नानंतर वाद्य बाजूला ठेवण्याची रीत तिने मानली नाही.

१९३९ साली ह्यू ट्रेसी यांनी तिचे गायन ध्वनिमुद्रित केले. पुढे लंडन विद्यापीठातील डेव्हिड रायक्रॉफ्ट यांनी त्या गाण्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आज्यांची विद्या अशी विद्यापीठात पोहोचली. १९८४ साली मागोगो निवर्तल्या. २००२ साली त्यांच्या जीवनावर झुलू भाषेतील संगीतिका डर्बनला रंगभूमीवर आली.

गाणे स्वरलिपीत उतरते. पण भोपळा छातीपासून किती दूर धरावा, हे कागद सांगत नाही. त्यासाठी शिकवणारी आजीच समोर हवी.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझी आजी निरक्षर, पण जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला मुखोद्गत आहेत. त्यांतली एकही मी आजवर उतरवून घेतलेली नाही. या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसायचे मी ठरवले आहे.